निकाल आणि परिणाम





बडोद्याच्या मराठी मुलाला रोज तीन भाषांच्या गल्ल्यांतून जावे लागते. घरात मराठी, रस्त्यावर आणि दुकानात गुजराती, टीव्हीवर हिंदी. आमचेही तसेच झाले. आमचे माहेर इंदूरचे. घर मराठी, पण शिक्षण पहिलीपासून पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून. लग्न होऊन बडोद्यास आलो आणि भाजीवालीने आम्हांला गुजराती शिकवली. त्यामुळे एखादा शब्द कानावर पडला की त्याची तिन्ही रूपे एकदम समोर उभी राहतात. असाच एक शब्द म्हणजे 'निकाल'.

निवडणूक झाली की मराठीत तिचा निकाल लागतो. हिंदीत आणि गुजरातीत त्यालाच 'परिणाम' म्हणतात. मराठीत मात्र परिणाम म्हणजे एखाद्या गोष्टीमुळे पुढे जे घडते ते. गुजरातीतही 'निकाल' शब्द आहे, पण तो वेगळ्याच कामाला जुंपलेला आहे. कचऱ्याचा निकाल, पावसाच्या पाण्याचा निकाल, तक्रारीचा निकाल. म्हणजे विल्हेवाट लावणे, काम मार्गी लावणे. गंमत अशी की नगरपालिका ज्या कामांसाठी असते ती जवळपास सगळी या गुजराती 'निकाला'त येतात. म्हणून आम्हांला वाटते की बडोद्याच्या मुलाने हे तिन्ही अर्थ एकत्र लक्षात ठेवावेत. मराठी निकाल एका दुपारी लागतो. गुजराती निकाल पाच वर्षे लावत राहावा लागतो. आणि परिणाम सर्वांना भोगावे लागतात, मत दिलेल्यांना आणि न दिलेल्यांनाही.

आता थोडी माहिती. आपल्या बडोदे कॉर्पोरेशनची 2015 ची आणि 2021 ची निवडणूक 19 प्रभागांत झाली. प्रत्येक प्रभागातून 4 सभासद, एकूण 76. त्यांतील निम्म्या जागा, म्हणजे 38, स्त्रियांसाठी राखीव. 2015 साली 22 नोव्हेंबरला मतदान झाले आणि 2 डिसेंबरला निकाल लागला. भारतीय जनता पक्षाला 58, काँग्रेसला 14 आणि इतरांना 4 जागा मिळाल्या. पुढची निवडणूक कोरोनामुळे थोडी लांबली. 21 फेब्रुवारी 2021 ला मतदान आणि 23 फेब्रुवारीला मोजणी झाली. भाजपला 69 आणि काँग्रेसला 7 जागा मिळाल्या. कोणता पक्ष चांगला हे सांगण्याची ही जागा नव्हे आणि आमचे ते कामही नव्हे. पण एक आकडा सर्व पक्षांच्या वर आहे, तो सांगितलाच पाहिजे. 2021 साली बडोद्यात मतदान करणारे निम्म्याहून कमी होते. म्हणजे शहरातल्या दर दोन मतदारांतला एकही पुरता मतदानकेंद्रावर गेला नाही.

ज्या शहराने हे केले ते कोणते? सयाजीराव महाराजांना 1875 साली दत्तक घेतले तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांचे रीतसर शिक्षण त्यानंतर सुरू झाले. 1881 च्या डिसेंबरात त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. 1892 पर्यंत आजव्याचा तलाव बांधून झाला आणि बडोद्याच्या घराघरांत नळाचे पाणी येऊ लागले. 1893 साली अमरेली तालुक्यात आणि 1906 साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. आपण ज्या खंडेराव मार्केटच्या मागे फुले आणि भाजी घ्यायला जातो, ती इमारतही 1906 च्या सुमाराची, महाराजांनी नगरपालिकेला दिलेली. आज तिथे कॉर्पोरेशनचे मुख्य कार्यालय आहे. राजाने पाणी दिले, शाळा दिली, वाचनालय दिले. त्यासाठी प्रजेला रांगेत उभे राहावे लागले नाही. पण आता राजा नाही. आजव्याचे पाणी आजही येते, पण ते कुणाकडे किती वाजता, किती वेळ येणार, हे खंडेराव मार्केटच्या इमारतीत ठरते. आणि तिथे कोणी बसायचे हे आपण ठरवायचे असते.

काही पालक म्हणतात, "बाई, एका मताने काय होते?" हा प्रश्न आमच्या वाट्याला इतक्या वेळा आला आहे की आम्ही त्याचे उत्तर गणिताच्या उदाहरणासारखे तयारच ठेवले आहे.

पहिले उदाहरण राजस्थानचे. 2008 च्या विधानसभा निवडणुकीत नाथद्वारा मतदारसंघात त्या वेळचे काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी बरोबर एका मताने हरले. एका मताने काय होते, याचे उत्तर तिथे लिहून ठेवले आहे.

दुसरे मुंबईचे. 2017 च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग क्रमांक 220 मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांना सारखीच मते पडली, प्रत्येकी 5946. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि एका लहान मुलीने चिठ्ठी उचलली. शहा निवडून आले. त्या प्रभागातला आणखी एक मतदार त्या दिवशी घराबाहेर पडला असता तर चिठ्ठी उचलावी लागली नसती.

तिसरे उदाहरण साहेबाच्या देशातले, आणि ते आमच्यापर्यंत कसे आले तेही सांगतो. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी नोकरीनिमित्त इंग्लंडला असते. सुट्टीत शाळेत आली तेव्हा सांगत होती की तिथल्या स्थानिक निवडणुकीत तिने मतदान केले. आम्हांला नवल वाटले, कारण तिचा पासपोर्ट भारताचाच आहे. पण राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक तिथे रीतसर राहतात त्यांना तिथे मताचा अधिकार आहे. मतदान गुरुवारी होते. कुठे शाळेत, कुठे चर्चच्या दालनात. मतपत्रिकेवर दोरीने बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. आपल्या वह्यांत फुली म्हणजे चूक, तिथे फुली म्हणजे पसंती! प्रभागातून दोन किंवा तीन सभासद निवडायचे असले तर तितक्या फुल्या. आपल्याकडे चार बटणे, तसेच ते. आणि तिथल्या जिल्हा कौन्सिलचे काम काय? कचऱ्याचे डबे उचलणे, बांधकामाच्या परवानग्या, गरिबांची घरे. ती म्हणाली, "बाई, तिथेही शेजारीपाजारी कचऱ्यावरूनच बोलतात, आणि तिथेही लोक मत द्यायला जात नाहीत." खरेच आहे. इंग्लंडात स्थानिक निवडणुकीला बहुधा एक तृतीयांशाच्या आसपासच मतदार जातात. म्हणजे आळस ही काही आपलीच मिरास नाही.

तर ते उदाहरण असे. 2017 च्या मे महिन्यात उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलंड कौन्सिलची निवडणूक झाली. एकूण जागा 67. साउथ ब्लाइथ नावाच्या प्रभागात दोन उमेदवारांना 356 अशी समसमान मते पडली. फेरमोजणी करूनही आकडा हलेना. मग काड्या ओढल्या. ज्या पक्षाच्या उमेदवाराच्या हाती आखूड काडी आली त्याच्या एकूण जागा 33 झाल्या, आणि बहुमताला हवे होते 34. एका काडीने सगळ्या कौन्सिलचे बहुमत हुकले.

इंग्लंडच्या निवडणुकीचा आणि बडोद्याचा एक जुना संबंधही मुलांना ठाऊक असावा. दादाभाई नवरोजी हे मल्हारराव महाराजांच्या काळात 1874 साली बडोद्याचे दिवाण झाले. पुढे ते मुंबई महापालिकेचे सभासद होते. आणि 1892 साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. किती मतांनी? एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी. त्या हातभर मतांच्या जोरावर त्यांनी पारतंत्र्यातल्या हिंदुस्थानचे गाऱ्हाणे थेट राज्यकर्त्यांच्या सभागृहात मांडले.

आता एक गोष्ट आपल्या वर्गातली. 2015 साली आम्ही सातवीच्या वर्गशिक्षिका होतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई त्या निवडणुकीत उभी होती. कुठल्या पक्षाकडून ते सांगण्याची गरज नाही. ती हरली. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली, पण नेहमीची पहिल्या बाकावरची जागा सोडून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. त्याच वर्गात एक मुलगा होता, त्याचे काका जिंकलेल्या उमेदवाराचे कार्यकर्ते. तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. "बाई, वाटू का?" आम्ही म्हटले, "मधल्या सुट्टीत वाट." तास गणिताचा होता. तिच्या आईला पडलेली मते आम्ही फळ्यावर लिहिली. हरलेल्या उमेदवाराची मते कोणी वाचत नाही, पण आकडा चांगला चार आकडी होता. मुलांना विचारले, "आपल्या मैदानावर प्रार्थनेला सुमारे सहाशे मुले उभी राहतात. इतकी माणसे उभी करायची तर मैदान किती वेळा भरेल?" मुलांनी भागाकार केला. पाच वेळा भरून वर माणसे उरत होती. वर्ग एकदम शांत झाला. एका मुलाने उठून विचारले, "म्हणजे एवढे लोक घरून निघून काकूंसाठी गेले होते?" आम्ही म्हटले, "हो, आणि जिंकलेल्यांसाठी त्याहून जास्त गेले होते. दोघांचाही मान ठेवायचा." मधल्या सुट्टीत त्या मुलीने पेढा घेतला की नाही ते आम्ही मुद्दामच पाहिले नाही. पण संध्याकाळच्या तासाला ती आपल्या जागेवर होती.

पुढचे अधिक महत्त्वाचे आहे. शाळेजवळच्या रस्त्यावर एक गटार उघडे होते. त्याचा अर्ज त्याच बाईंनी, म्हणजे हरलेल्या उमेदवाराने दिला. वॉर्ड कचेरीत चार-पाच खेपा घातल्या. पुढच्या पावसाळ्याआधी झाकण बसले. जिंकलेले सभासद स्वतः उभे राहून काम करवून गेले, तेव्हा या बाईही तिथे होत्या. निकालात दोघे समोरासमोर होते, परिणामात एका बाजूला उभे राहिले. गावाचे काम असेच होते.

पालक सभेत आम्हांला आणखी एक प्रश्न विचारला जातो. "यंदा आपली किती माणसे आली?" आपली म्हणजे मराठी आडनावाची. या प्रश्नामागची माया आम्ही समजतो. पिलाजीराव, दमाजीराव गायकवाडांच्या काळापासून मराठी माणूस या शहरात आहे. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, बाबाजीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदला. आपले कोणी सभागृहात असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण यादीतली आडनावे मोजून थांबले तर ते गणित अर्धेच राहते. निवडून आलेल्याला आपण पाच वर्षांत किती वेळा भेटलो? किती अर्ज लेखी दिले? किती बैठकांना गेलो? आडनाव मराठी आणि काम शून्य, हे चालेल का? आणि पटेल, शाह, परमार किंवा शेख आडनावाच्या सभासदाने आपल्या वाड्यासमोरचा दिवा लावून दिला तर तो उजेड गुजराती का म्हणायचा?

पाणी तर आडनाव विचारतच नाही. 31 जुलै 2019 रोजी एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली आणि शहराचा मोठा भाग दोन-तीन दिवस पाण्यात होता. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांची दप्तरे, वह्या, घरातले धान्य भिजून गेले. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा वर्गखोल्यांना ओल्या कागदाचा वास येत होता. वरसादी कांसांवर काय बांधले गेले, तलाव आणि कोतरे कुठे बुजवली गेली, याची चर्चा तेव्हा घरोघरी झाली. त्यानंतर 2025 च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचे पात्र खोल आणि रुंद करण्याचे मोठे काम हाती घेतले गेले. मगरींना सांभाळून काम करायचे असल्याने ते अधिकच अवघड होते. चांगली गोष्ट आहे. पण ही चर्चा पूर आल्यावर होते, निवडणुकीच्या आधी फारशी होत नाही, हे मनाला लागते. पाण्याचा निकाल लावायचा असेल तर तो प्रश्न निकालाच्या आधी विचारला पाहिजे.

आणि एका दिवसाचा उल्लेख केल्यावाचून हा लेख पुरा करता येत नाही. 18 जानेवारी 2024. हरणीच्या मोटनाथ तलावात सहलीला आलेल्या मुलांची नाव उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. मुले आपल्या शाळेची नव्हती, पण त्या रात्री बडोद्यातल्या कोणत्याच शाळेच्या शिक्षकाला झोप लागली नसेल. प्रत्येक शिक्षकाने कधी ना कधी मुलांची रांग मोजत सहलीची बस भरली आहे. तलाव कॉर्पोरेशनचा. तो चालवायला खाजगी कंत्राटदाराला दिलेला. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. कोणाचा दोष किती, हे न्यायालय ठरवील. आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की असे करार कॉर्पोरेशनच्या कागदांवर होतात. ते कागद कोणीतरी वाचायचे असतात. नाव कोण तपासणार, जाकिटे कोण मोजणार, हे कोणीतरी उभे राहून विचारायचे असते. ते विचारण्यासाठीच आपण सभासद पाठवतो. मत देताना आपल्याला फक्त चिन्ह दिसते. त्या चिन्हामागे कोणाच्या तरी मुलाचे जाकीट असते.

तेव्हापासून आपल्या शाळेची कोणतीही सहल ठरली की आम्ही चार प्रश्न लेखी विचारतो. जागा कोणाची? चालवतो कोण? तपासणी शेवटची कधी झाली? आणि अडचण आली तर तिथे कोण हजर असेल? उत्तर आल्याशिवाय सहल निघत नाही. दोनदा सहल रद्द झाली, मुले रुसली. रुसू देत.

हेच प्रश्न विचारण्याची सवय मुलांना घरच्या रस्त्याबद्दलही लागावी, म्हणून या वर्षी आठवी आणि नववीसाठी आम्ही एक उपक्रम ठरवला आहे. त्याचे नाव 'प्रभाग वही'. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या प्रभागाचा क्रमांक शोधायचा, त्याचे सभासद कोण ते लिहायचे, वॉर्ड कचेरी कुठे आहे ते पाहून यायचे. मग आपल्या गल्लीतली एकच अडचण निवडायची. दिवा, गटार, खड्डा, पाण्याची वेळ, काहीही. तिचा अर्ज पालकांच्या सहीने द्यायचा, मराठी घरातल्या मुलाने तो शुद्ध गुजरातीत लिहायचा, आणि तारीख नोंदवायची. काम झाले की पुन्हा तारीख. दोन तारखांमध्ये किती दिवस गेले त्याची वजाबाकी करायची. ती वजाबाकी हीच वहीची परीक्षा. कोणाला शिव्या नाहीत, कोणाचा जयजयकार नाही, पक्षाचे नाव कुठेच नाही.

विश्वस्त मंडळींना विनंती की या वह्यांचा खर्च उचलावा आणि वर्षाअखेर त्या वाचायला एक दुपार द्यावी. पालकांना विनंती की मुलगा अर्ज घेऊन आला तर "असल्या भानगडीत पडू नको" असे म्हणू नका. ज्यांच्या घरात अठरा वर्षे पुरी झालेली मुले आहेत त्यांनी मतदारयादीतले नाव तपासून घ्यावे. घर बदलले असेल तर पत्ता बदलून घ्यावा. मतदानाच्या दिवशी शाळेच्या याच वर्गांत केंद्र असते आणि आमचे शिक्षक पहाटेपासून तिथे बसतात. दुपारी दोन-दोन तास एकही माणूस आला नाही की ते रिकाम्या बाकांकडे पाहत बसतात. ते रिकामे वर्ग पाहणे शिक्षकाला सोसत नाही, मग ते सुट्टीच्या दिवशी का असेनात.

1917 साली याच बडोद्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. सयाजीबागेतल्या झाडाखाली बसून त्यांना विचार करावा लागला आणि ते शहर सोडून गेले. बत्तीस वर्षांनी, 25 नोव्हेंबर 1949 रोजी, त्यांनी संविधान सभेत बजावले की राजकारणात आपण प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच मोल देत आहोत, पण समाजात अजून तसे नाही. ज्याला या शहराने छप्पर नाकारले त्याने या शहरातल्या प्रत्येकाला सारखे मत दिले. ते वापरायचे की बाकावर विसरून यायचे, हे आपल्या हाती आहे.

मुलांनो, तुम्हांला अजून मत नाही. पण वही आहे, पेन आहे आणि प्रश्न विचारण्याचे वय आहे. सोमवारपासून वह्या मिळतील. पहिल्या पानावर प्रभागाचा क्रमांक घाला.

आपली स्नेहांकित,
मुख्याध्यापिका